अमावस्येच्या दिवशीची गर्दी

माझ्या बहिणीच्या गावात एक वाक्य अजून बोललं जातं. धुराचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "ज्या दिवशी गुऱ्हाळ बंद, त्याच दिवशी दवाखान्यात दमेकरी जास्त. मास्तरांनी आकडे काढून दाखवलंय." ते मास्तर म्हणजे मी. वाक्यही माझंच. ग्रामसभेत उभं राहून मी ते म्हणालो होतो आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. तरी ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. हे एवढं कागदावर उतरवायला मला म्हातारपण यावं लागलं.

मी शिरूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, सत्तरी मागे पडली. बहीण माझ्याहून पुष्कळ लहान. तिला नदीपलीकडे दिली. मांडवगण फराट्याच्या बाजूनं भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, तिथून थोडं आत तिचं गाव. जिकडे बघावं तिकडे ऊस. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, भावांतून वेगळे निघाले तेव्हा त्यांनी घराला लागूनच गुऱ्हाळ टाकलं. एका बाजूला ऊस पिळायचा चरक, मध्ये रस उकळायची मोठी काहील, तिच्या खाली चुलवण. चुलवणात पिळलेल्या उसाची वाळलेली चिपाडं घालायची ही जुनी रीत. त्या धुराचा वास गोडसर असतो. मला तो आवडायचा.

पण चिपाडं वाळवायला ऊन लागतं, जागा लागते, माणसं लागतात. पुढे पुढे कारखान्यांतलं भंगार ट्रकनं यायला लागलं. प्लॅस्टिकचे तुकडे, रबर, चपलांची कातरण. ते भसाभस पेटतं आणि रसाला झटकन उकळी येते. धूर मात्र काळा, चिकट. बहिणीनं दोरीवर वाळत घातलेल्या धोतराला हात लावला तर बोटं काळी व्हायची. आजूबाजूची बरीच गुऱ्हाळं तसंच करत होती, त्यामुळे दाजींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गुऱ्हाळाच्या पलीकडच्या अंगाला एक मुसलमान कुटुंब राहायचं. पिढ्यान् पिढ्या त्याच गावातलं. तो गृहस्थ विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार घालून भरून द्यायचा. त्याला सगळा गाव मिस्त्री म्हणायचा, त्याच्या बायकोला भाभी. दाजींच्या चरकाची मोटारही तेच भरायचे. माझी बहीण आणि भाभी यांचं एकमेकींकडे रोजचं जाणंयेणं होतं. भाभींना दमा होता. भंगार जाळायला लागल्यापासून तो फार वाढला, असं त्यांचं म्हणणं. एक-दोनदा तोंडी सांगून झालं, दाजींनी हसण्यावारी नेलं. मग मिस्त्रींनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला.

अर्ज आला तसे दोन तट पडले. कोणी म्हणे धूर वाईटच, कोणी म्हणे मिस्त्रींच्या पोटात दुखतंय. शेवटी सरपंचांनी तोड काढली की मास्तरांना विचारा, ते आकड्यांतले आहेत. मी दाजींचा मेहुणा, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी हरकत घेतली नाही. मिस्त्री तर स्वतः म्हणाले की सर शिकलेले आहेत, ते खरं असेल तेच सांगतील. ही गोष्ट मला नंतर पुष्कळ वेळा आठवली आहे.

इथे थोडं माझ्या विषयाबद्दल सांगायला हवं. हवेतला धूर रोज कमी-जास्त होतो. माणसांचं आजारपणही रोज कमी-जास्त होतं. या दोघांचं एकमेकांशी काही नातं आहे का, हे एकेक दिवस शेजारी शेजारी ठेवून बघायचं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की त्याच वेळी बाकीही पुष्कळ बदलत असतं. थंडी पडते, बाजाराचा वार येतो, सुगी येते, लग्नं निघतात. दवाखान्यात माणसं बाजाराच्या दिवशी जास्त येतात, ती काही बाजारानं आजारी पडत नाहीत. त्यामुळे धुराचं तेवढं धुराच्या पदरात घालायचं आणि बाजाराचं बाजाराच्या, हे खरं कसब.

गुऱ्हाळ अमावस्येला बंद असतं. आमच्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत, औत धरत नाहीत, चुलवणही पेटवत नाहीत. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी अक्षरशः हरखलो. अमावस्या कधी सोमवारी येते, कधी गुरुवारी. बाजाराच्या वाराशी तिचं काही देणंघेणं नाही. म्हणजे दर महिन्याला एक बिनधुराचा दिवस आपोआप मिळतो आणि तोही वार बदलून. एवढा सुंदर प्रयोग मी मांडायचा म्हटला असता तरी मला मांडता आला नसता. मी दाजींच्या ओट्यावर बसून त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांना सगळं कळलं नाही, पण मी खूश आहे हे कळलं.

गावातल्या डॉक्टरांकडून मी दिवसवार आकडे घेतले. नावं नाहीत, फक्त त्या दिवशी धाप लागल्याची तक्रार घेऊन किती जण आले ते. अमावस्यांचे दिवस वेगळे काढले, बाकीचे वेगळे. अमावस्येला दमेकरी कमी असतील असं मला वाटत होतं. निघाले जास्त. पुन्हा तपासलं, थंडीचे महिने वेगळे करून पाहिलं. तेच. मी दाजींना त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. ते मोठ्यानं हसले आणि बहिणीला म्हणाले, "ऐकलंस का? आपल्या धुरानं मानसं बरी व्हत्यात."

त्यानंतर ग्रामसभेच्या आधी एक अमावस्या आली. मी सहज डॉक्टरांकडे गेलो, आकड्यांमागची माणसं बघावी म्हणून. दवाखान्याचे बाक भरले होते. बाहेर दाजींच्या गुऱ्हाळाचा ट्रॅक्टर उभा होता. आत त्यांचाच चुलवणावर काम करणारा गडी बायकोला घेऊन बसला होता. मला पाहून तो सरकला.

"बसा मास्तर. आज आवस, काम बंद. म्हनून आणलं हिला. परवापासनं धापती."

मी बसलो. समोरच्या बाकावरची माणसं बघत राहिलो. ज्यांचं काम अमावस्येला बंद, तेच सगळे आपापल्या आजारी माणसांना घेऊन आले होते. धाप परवा लागलेली होती, काल लागलेली होती. आणायला सवड आज मिळाली होती.

मी वर्गात दरवर्षी एक गंमत सांगायचो. सोमवारी केस कापायची दुकानं बंद असतात. कोणी केस कापल्याच्या दिवसांची मोजणी केली, तर त्याला वाटेल की सोमवारी कोणाचे केस वाढतच नाहीत. मुलं हसायची. मग मी सांगायचो की माणूस मोजला जातो तो दिवस वेगळा आणि त्याला काही झालं तो दिवस वेगळा, या दोहोंची गल्लत करू नका. त्या बाकावर बसून मला सगळं लख्ख दिसलं. डॉक्टर आतल्या खोलीत प्रत्येकाला विचारत होते, "कधीपासून?" हा प्रश्न कोणताही डॉक्टर विचारतो. मी तेवढाच विचारला नव्हता.

मी उठून घरी आलो. कोणाला काही बोललो नाही.

का बोललो नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. बहिणीनं मला एकदा म्हटलं होतं की हे बंद पडलं तर पुन्हा दिरांच्या हाताखाली राबावं लागेल. ते खरं होतं आणि मला तिची काळजीही होती. पण तिच्या नावावर मी हे ढकलणार नाही. खरी गोष्ट अशी की मी दाजींना सांगून बसलो होतो. सरपंचांच्या कानावर गेलं होतं. अमावस्येची ती युक्ती मला फार आवडली होती आणि ती फसली आहे हे चारचौघांत कबूल करायला जीभ रेटत नव्हती. मी मनात म्हटलं, अजून तपासायला हवं, घाईनं काही बोलू नये. आणि ग्रामसभेत घाईनंच बोललो.

मारुतीच्या पारासमोर सभा होती. मी अमावस्येचं समजावलं, आकडे वाचले, मग ते वाक्य म्हणालो. मागून कोणीतरी ओरडलं, "मग चुलवान इझवूच नका की. दम्याचं अवशीद हाय ते." सगळी सभा हसली. मीही हसलो. हसणं ओसरल्यावर बायकांच्या बाजूनं भाभी उभ्या राहिल्या. त्या भांडल्या नाहीत.

"मग मला कशानं होतंय, सर?"

मला तिथे थांबता आलं असतं. माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. तेही खरं ठरलं असतं. मी म्हणालो, "भाभी, पुष्कळदा हे मनाचं असतं. धूर दिसला की माणूस घाबरतो, घाबरला की धाप लागते. मनावर घेऊ नका."

त्या खाली बसल्या. अर्ज निकालात निघाला.

पुढचं मला बहिणीकडून तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. भाभी गिरणीवर दळण घेऊन गेल्या की बायका विचारायच्या, काय भाभी, मनाचा दमा काय म्हणतोय? मिस्त्रींना लोक खोडसाळ म्हणायला लागले, मोटारी दुसरीकडे जायला लागल्या. दाजींनी तर आपली मोटार मुद्दाम दुसऱ्या गावी पाठवली. एक-दोन सुगी मिस्त्रींनी काढल्या, मग घर बंद करून ते कोरेगाव भीमाला गेले आणि हमरस्त्याच्या कडेला मोटार भरायचं दुकान टाकलं. शिरूरहून पुण्याला जाताना ते दुकान लागतं. एसटीत मी नेहमी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसत आलो.

इथपर्यंत मी निभावून नेलं होतं. माणूस बरंच निभावून नेतो.

मग बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. ते शिरूरला केलं आणि ती काही दिवस आमच्याकडे राहिली. आली तेव्हा तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. दोन जिने चढली की भिंतीला टेकायची. माझ्या बायकोनं विचारलं तर म्हणाली, प्रवासानं असेल. आठवडाभरात आवाज गेला. जिने चढायला लागली, माझ्या बायकोबरोबर भाजीला जायला लागली. घरी परत गेली आणि दोन-तीन दिवसांनी तिच्या मुलाचा फोन आला की आईला रात्रभर बसून काढावं लागतंय. आम्ही तिला पुन्हा आणली. पुन्हा बरी झाली.

स्वयंपाकघरात बायको तिला म्हणत होती की इतकं होतंय तर डॉक्टरला का दाखवलं नाहीस. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो.

"काय दाखवायचं वहिनी? मनाचं असतंय ते. दादानंच सांगितलंय की."

"कधीपासून होतंय?" बायकोनं विचारलं.

"लई वर्सं झाली. भाभींना व्हायचं, तवापासनंच."

म्हणजे ती सभेत बसली होती तेव्हाही तिला होत होतं. तिच्या शेजारून भाभी उभ्या राहिल्या आणि मी बोललो. ते तिनं आपल्या भावाचं म्हणून मानलं आणि तेव्हापासून छातीतली शीळ पदराखाली झाकून राहिली. नवऱ्याला सांगितलं नाही, रात्री बसून काढाव्या लागेपर्यंत मुलालाही नाही. भावाचं बोलणं खोटं पडायला नको.

बायको दारात येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला काही माहीत नव्हतं. मी पेपर तसाच धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी नदीपलीकडे गेलो. डॉक्टर तेच, केस पांढरे झालेले. मी म्हटलं, आता आले कधी ते नको, त्रास सुरू कधी झाला ते द्या. नावांशिवाय त्यांनी तारखा दिल्या. या वेळी मी नीट केलं. यात एक चांगली रीत आहे, माणसाची तुलना त्याच माणसाशी करायची. ज्या दिवशी त्याला धाप लागली तो दिवस एका बाजूला. त्याच महिन्यातले, त्याच वाराचे, पण त्याला काही न झालेले दिवस दुसऱ्या बाजूला. माणूस तोच, वय तेच, बिडीची सवय तीच, घर तेच. राहता राहतो तो त्या दिवसांमधला फरक. आणि त्या दिवसाबरोबर आदल्या, त्याच्या आदल्या दिवशीची हवाही धरायची, कारण धूर आज छातीत जातो आणि धाप कधी उद्या लागते, कधी परवा.

अमावस्येची गर्दी विरून गेली. अमावस्येला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी धाप कमी होती. अगदीच नव्हती असं नाही, पण कमी.

आता इथे मला जपून लिहायला हवं. एकदा मोठ्यानं बोलून बसलोय. हा एका गावाचा, एका दवाखान्याचा हिशेब आहे. अमावस्येला औतं बंद असतात म्हणून रानातली धूळही कमी असते, तिचाही वाटा असेल. यावरून भाभींचा दमा धुरानंच वाढला, असं मी म्हणू शकत नाही. माझ्या बहिणीचंही म्हणू शकत नाही. माझी विद्या एकेकट्या माणसाबद्दल असं सांगू शकत नाही. पण मग ती मनाचं आहे असंही सांगू शकत नव्हती. ते मी माझ्या पदरचं सांगितलं होतं.

दाजींना सांगितलं तेव्हा ते काहिलीजवळ खुर्ची टाकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

"पाव्हणं, तवा येक सांगितलं, आता दुसरंच. आकडं बदाललं का तुम्ही?"

मी म्हटलं, "आकडे तेव्हाचेही खरेच होते, दाजी. अर्थ चुकीचा होता. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

"मग आता बी नका बोलू," ते म्हणाले आणि गड्याला हाक मारून उठून गेले.

त्यानंतर मी कोरेगाव भीमाला उतरलो. दुकानात मिस्त्री मोटारीच्या खाचांत तांब्याची तार बसवत होते. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, आतून भाभींना हाक मारली. भाभी चहा घेऊन आल्या. खांदे वर उचलून श्वास घेत होत्या, कमरेला खोचलेल्या पिशवीत दम्याचा पंप होता. हमरस्त्यावर गाड्यांची रांग होती, पलीकडे कारखाने. इथली हवा काही बरी नव्हती.

मी सगळं सांगितलं. बाकावरचा तो गडी, आवस, परवापासनं. मिस्त्री तार सोडून ऐकत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "सर, चुकलं होतं हे आम्हाला म्हाईत होतं. आम्ही म्हनायचो, सरांचं हिशेबात चुकलं असंल, मानसाचं चुकतं. तुम्हालाबी म्हाईत होतं, हे आज कळलं."

मी त्यांना काहीतरी परत द्यायला गेलो होतो, असं मला वाटत होतं. निघताना लक्षात आलं की त्यांच्याकडे माझ्याबद्दल उरलेला बरा विचार मी काढून घेऊन निघालो आहे. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भाभींनी कप उचलले आणि दारात थांबल्या.

"हितं सांगून काय, सर? हितं मला कोन हसतंय? तिथं सांगा."

पुढच्या ग्रामसभेला मी गेलो. दाजी पहिल्या रांगेत बसले होते, बहीण बायकांत. डोळ्याला काळा चष्मा. सरपंच आता दुसरे आहेत. त्यांना विषय नीट माहीत नव्हता, त्यांनी मला बोलू दिलं. मी आधी माझं जुनं वाक्य म्हणून दाखवलं. मग ते का चूक होतं ते सांगितलं. मग सांगितलं की हे मला सभेच्या आधी कळलं होतं. भाभींना मनाचं आहे असं म्हणालो, ते मला कोणत्याही आकड्यानं सांगितलं नव्हतं. मध्ये एकदा पाणी मागून प्यायलो.

कोणी हसलं नाही. मागून एक जण एवढंच म्हणाला, "लवकर सांगितलंत मास्तर." तेव्हा थोडे हसले, पण ते हसू माझ्यावर होतं आणि ते रास्त होतं. एक म्हातारा म्हणाला की गाव सोडून गेलेल्यांचं आता कशाला उकरायचं, मास्तरांना आता घरी काही काम नाही. दाजी जमिनीकडे बघत होते. सरपंच पुढचा विषय घेणार तेवढ्यात बहीण उठली. तिला सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, दाजींकडेही नाही.

"माझ्या बी छातीत भरतं. भाभी गाव सोडून गेल्या त्याच्या आधीपासनं. मी कधी बोलले न्हाई."

बसताना तिला धाप लागली होती. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या बाजूनं आणखी दोघी उठल्या.

भंगाराचा ट्रक त्यानंतर आला नाही. दाजी म्हणतात चिपाडं वाळतायत तोवर ठीक, पाऊस लागला की बघू. माझ्याशी बोलतात, पण पाव्हणं म्हणत नाहीत. बहीण तिथेच आहे. डॉक्टरांनी तिलाही पंप दिला आहे आणि आता ती तो लपवत नाही. ते जुनं वाक्य गावात अजून ऐकू येतं. मी ते परत घेतलं हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यापेक्षा ते पाठ असलेले लोक पुष्कळ जास्त आहेत.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना फोन केला. म्हटलं, बोललो.

"कुठं उभं राहून?"

"मारुतीच्या पारासमोर. तिथंच."

"बरं," ते म्हणाले. मोटार तपासायची आहे, गिऱ्हाईक थांबलंय, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. ठेवण्याआधी मागे भाभींचा खोकला ऐकू आला.